पिसांची काठी, १८० रुपये: मांजराच्या चावऱ्या पिल्लाच्या घरात दोन महिने वापरून

आधीच सांगते, रिव्ह्यू काठीचा आहे पण काठीपर्यंत पोचायला मला साधारण दीड हजार रुपये, एक सोफ्याचा कोपरा आणि अँटी-रेबीजचा पूर्ण कोर्स इतकं लागलं, त्यामुळे थोडं लांबलं तर समजून घ्या. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: घ्या, पाचपैकी चार, पण घुंगरू काढून टाका आणि खेळून झालं की कपाटात ठेवा, कपाटात म्हणजे कपाटात, टीव्हीच्या मागे नाही.

तर जुलैमध्ये आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटीच्या खाली हे पिल्लू सापडलं. दोन दिवस धो धो पाऊस, आई येईल म्हणून वाट बघितली कारण मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, बाकीची नेली असतील आणि ही एक राहिली असेल, परत येईल असं वाटलं. नाही आली. तिसऱ्या दिवशी वर घेऊन आलो. व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, दात बघून साधारण सात आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं, वजन ६५० ग्रॅम. नाव ठेवलं लवंगी, आणि नाव ठेवताना आम्हाला कल्पना नव्हती की ते इतकं तंतोतंत बसणार आहे.

पहिला आठवडा गोड गेला. दुसऱ्या आठवड्यापासून तिने घरातल्या चार माणसांचे आठ पाय शिकारीसाठी वाटून घेतले. म्हणजे तुम्ही किचनमधून चहा घेऊन येताय, डायनिंग टेबलच्या खालून एक करडी गोळी सुटते, घोट्याला चार पंजे आणि दात, आणि तुम्ही चहा सांभाळायचा की पाय हे ठरेपर्यंत ती गेलेली असते. पहाटे साडेचारला पांघरुणाबाहेर आलेला अंगठा. लॅपटॉपवर टाईप करताना बोटं. मनगटापासून कोपरापर्यंत माझे हात असे ओरबाडलेले होते की ऑफिसमध्ये एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

आईचं म्हणणं, वाघाची मावशी आहे ती, चावणारच. बाबांचं म्हणणं, अगं खेळतेय ती. दोघंही बरोबर होते हे नंतर कळलं, पण बाबा स्वतःच मूळ गुन्हेगार होते हेही नंतर कळलं, ते पुढे.

व्हेटनी जे समजावलं ते मला फार पटलं म्हणून इथे लिहिते. पिल्लं साधारण आठ ते बारा आठवडे आई आणि भावंडांबरोबर राहिली तर चावायचं किती हे त्यांच्यातच शिकतात. एकाने दुसऱ्याला जोरात चावलं की दुसरं केकाटतं, उलट चावतं नाहीतर खेळ सोडून निघून जातं, आई पंज्याने बाजूला ढकलते. असं दिवसाला पन्नास वेळा झालं की कळतं, अमुक जोर म्हणजे खेळ बंद. लवंगीला ही शाळाच मिळाली नाही. त्यात ती एकटी, म्हणजे कुस्ती खेळायला आम्हीच. आणि आमचा हात तिच्या दृष्टीने मऊ, गरम, हलणारा, तिच्याच आकाराचा प्राणी. राग नाही, दुष्टपणा नाही, ती भावंड समजून खेळत होती.

हे ऐकून मी थेट स्टेशनजवळच्या पेट शॉपमध्ये गेले. दुकानाचं नाव देत नाही कारण मुलगा स्वभावाने चांगला आहे, फक्त त्याला जे विकायचं होतं ते त्याने विकलं आणि मला काय हवंय ते मलाच माहीत नव्हतं. घेतलेल्या गोष्टी क्रमाने सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली वस्तू, कडू स्प्रे, साडेतीनशे रुपये. हातावर, सोफ्यावर मारायचा, कडू लागलं की पिल्लू चावत नाही असं डब्यावर लिहिलंय. वायरींवर खरंच उपयोग झाला, चार्जर वाचला, त्याचे मार्क देते. हातावर मात्र तिने एकदा चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मग त्या अपमानाचा बदला म्हणून अजून जोरात चावली. शिवाय मी तोच हात विसरून पोळीला लावला. तुम्हीच कल्पना करा.

दुसरी वस्तू म्हणजे मला आजही संताप येतो, ती हातमोजा. पाचही बोटांना स्प्रिंगवर लोंबणारे गोंडे, आपण मोजा घालून बोटं नाचवायची आणि पिल्लाने गोंड्यांवर झडप घालायची. चारशे रुपये. अरे पण हे म्हणजे ज्या मुलाची दगड मारायची सवय सोडवायचीय त्याला गलोल आणून देण्यासारखं झालं. तिला समजलं ते एवढंच की हात म्हणजे खेळणं, मोजा असो नसो. तीन दिवसांत मनगटावर एक दात असा रुतला की रक्त आलं. कृपा करून घेऊ नका, कोणी फुकट दिलं तरी.

आता रक्त आल्यावरचं सांगते, कारण यावर घरात वाद झाला. बाबा म्हणाले घरातलं पिल्लू आहे, हळद लाव. पण ती रस्त्यावरून येऊन तीन आठवडे पण झाले नव्हते आणि तिची रेबीजची लस व्हायची होती, ती साधारण तीन महिन्यांनंतरच देतात. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, फक्त कुत्र्यापासून नाही. मी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार जास्त असतात, आणि सरकारी हॉस्पिटलला गेले. तिथे ही लस फुकट मिळते. रक्त आलं म्हणून जखमेत वेगळं सीरम दिलं आणि दंडाच्या कातडीत लस, त्याच दिवशी, मग तिथून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. धनुर्वाताचंही इंजेक्शन झालं. रांगेत माझ्या पुढे एक काका होते, त्यांनाही मांजरच चावलेलं, तेही घरचंच, आणि ते बायकोला न सांगता आले होते. मांजराचा दात बारीक असतो, भोक छोटं दिसतं पण खोल जातं आणि आत पिकतं, त्यामुळे हळद लावून झाकून ठेवू नका एवढंच.

तिसरी वस्तू लेझर. शंभर रुपये, कीचेनला येतो तो. पहिली पाच मिनिटं धमाल, भिंतीवर चढायला बघत होती. पण तो लाल ठिपका कधी हातात येतच नाही ना. पळून पळून शेवटी काहीच मिळालं नाही की ती जी फिरायची ती थेट माझ्या पायावर. लेझर बंद केला की अर्ध्या मिनिटात चावणार हे इतकं ठरलेलं होतं की मी आधी पाय वर घेऊन मग बटण सोडायचे. डोळ्यात जायची भीती वेगळीच. आता बाबा प्रेझेंटेशनला वापरतात.

एक बॅटरीवरचं फिरणारं फुलपाखरू ऑनलाईन मागवलं होतं, पाचशे की काहीतरी, दोन दिवस बघितलं तिने, तिसऱ्या दिवशी त्यावर बसली. मोटर गेली. कॅटनिपचा उंदीर पण आणला होता, त्याला नुसतं हुंगून गेली, नंतर कळलं की लहान पिल्लांवर ते चालतच नाही, साधारण सहा महिन्यांच्या आसपास काही होतं आणि तेव्हाही सगळ्याच मांजरांना नाही. दुकानात कोणी सांगत नाही.

आणि हो, पाण्याचा फवारा. कुणीतरी सुचवला म्हणून दोनदा मारला, फुकट होता. चावणं थांबलं नाही, पण दोन दिवस मी दिसले की ती फ्रिजमागे जायला लागली. मला फार वाईट वाटलं. बाटली गॅलरीतल्या तुळशीला दिली.

आता काठी.

काठी म्हणजे काय, तीन फुटांची बारीक लवचिक फायबरची काडी, तिच्या टोकाला तेवढीच लांब इलॅस्टिकची दोरी, दोरीला हुक आणि हुकाला रंगीत पिसांचा झुबका नि एक घुंगरू. १८० रुपये, घासाघीस करून, लिहिलेली किंमत २२०. वजन काहीच नाही. माझ्या हिशोबाने या वस्तूची सगळी किंमत लांबीची आहे. त्याआधी मी आईच्या खराट्यातली एक काडी काढून तिला चिंधी बांधली होती, लवंगीला आवडलीही, पण काडी छोटी आणि चिंधी हाताला जवळ, त्यामुळे चिंधी चुकली की हात. इथे हात आणि शिकार यांच्यात पाच सहा फुटांचं अंतर पडतं. तिचं लक्ष पिसांवर, मी खुर्चीवर, चहा सुरक्षित.

पण पहिले चार दिवस मला वाटलं हेही वाया गेलं, कारण मी काठी चुकीची फिरवत होते. मी ते पीस तिच्या तोंडासमोर नाचवायचे, नाकावर आपटायचे. व्हेटकडे लसीला गेले तेव्हा तिथल्या असिस्टंट ताईंनी विचारलं, उंदीर कधी मांजराच्या तोंडावर येऊन नाचतो का हो? तिथे डोक्यात प्रकाश पडला. शिकार मांजरापासून लांब पळते. मग मी पीस पालीसारखं भिंतीच्या कडेने सरकवायला लागले, सर्रकन जायचं, थांबायचं, अगदी थोडं थरथरायचं, पडद्यामागे अर्धं लपवायचं. आणि काय सांगू, तीच पोरगी जमिनीला चिकटून दबा धरून बसली, डोळे काळेभोर, मागचं बूड हलवतेय, आणि झडप! वृत्तपत्राच्या खाली पीस घातलं तर तो कागदाचा आवाज तिला पिसापेक्षा जास्त आवडतो.

तीन चार झडपांमागे एकदा पकडू द्यायचं, हे फार महत्त्वाचं. लेझरमध्ये नेमकं तेच नव्हतं. पकडलं की ती पीस तोंडात धरून गुरगुरत टेबलाखाली जाते, काठी माझ्या हातातून ओढून नेते, आणि मागच्या पायांनी त्याला लाथा मारते. शेवटी शेवटी पीस हळू करत जायचं, दमलेल्या उंदरासारखं, एकदम बंद नाही करायचं. आणि मग लगेच जेवण. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, मांजराचा क्रम हाच असतो. मी हा क्रम पाळायला लागल्यापासून फरक पडला, काठी आणल्यापासून नाही. रात्री साडेदहाला पंधरा मिनिटं काठी, मग तिचं जेवण, अकराला ती आडवी. पहाटेचा अंगठा साधारण दहा बारा दिवसांनी सुटला. पूर्ण सुटला असं नाही म्हणणार, पण आठवड्यातून एखादा.

दिवसातून तीनदा खेळवते, दहा पंधरा मिनिटं, सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री. पहाट आणि तिन्हीसांजेला यांच्या अंगात येतं म्हणून त्या वेळा चुकवायच्या नाहीत. तोंड उघडून धापा टाकायला लागली की लगेच थांबायचं, एकदा उत्साहात मी खूप उड्या मारायला लावल्या आणि ती कुत्र्यासारखी धापा टाकत बसली, माझा जीव अर्धा झाला.

आता काठीचे दोष. पिसं नऊ दिवसांत संपली. संपली म्हणजे शब्दशः, काही तिच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये परत दिसली. नवीन झुबका साठ रुपयांना मिळतो, पण मी आता हुकाला जुन्या ओढणीची जाड पट्टी घट्ट शिवून लावते, तेवढंच चालतं. घुंगरू पहिल्याच आठवड्यात ढिलं झालं, ते मी कात्रीने कापलं, गिळलं असतं तर. आणि सगळ्यात मोठा धोका दोरीचा. ही इलॅस्टिक दोरी चावून चावून तुटते, आणि मांजराची जीभ काट्यांची असते, आत गेलेला दोरा तिला बाहेर थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. मग आतडी त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि ऑपरेशनच करावं लागतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतून कापलं जातं, तसंच घेऊन डॉक्टरकडे पळायचं. म्हणून काठी फक्त आपण हातात धरून असताना. पाकिटावर हे एका ओळीत पण लिहिलेलं नाही, त्यासाठी एक मार्क कापला. आमची काठी आईच्या गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या मागे असते, आणि आता कपाटाची कडी वाजली की लवंगी कुठूनही येते, आईला साडी काढायची असली तरी.

काठीने जे होत नाही ते पण सांगते. काठी धावण्याची भूक भागवते, कुस्तीची नाही. तिला काहीतरी मिठीत धरून लाथा मारत चावायचं असतं, भावंडाला करतात तसं. त्यासाठी दुकानात लांबट उशी मिळते, किकर म्हणतात, साडेतीनशेच्या पुढे. मी भावाच्या जुन्या जीन्सचा पाय कापून चिंध्या भरून दोन्हीकडून शिवला, हातभर लांब. ती हातावर आली की तो मध्ये सरकवायचा. दुकानातल्यापेक्षा जाड कापड, दोन महिने झाले फाटला नाही. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात तेव्हा तर त्याचा फारच उपयोग झाला, सगळं चावत सुटली होती, एक दात मला फरशीवर सापडला, तांदळाच्या कणीएवढा. आईने काडेपेटीत ठेवलाय. कशाला, विचारू नका.

आणि हात चावलाच तर? झटकायचा नाही. झटकला की शिकार पळतेय असं वाटून ती अजून घट्ट धरते. हात मेल्यासारखा ढिला सोडायचा, जमलं तर थोडा तिच्याच दिशेने ढकलायचा, सुटली की एक शब्द न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जायचं, एखादं मिनिट. ओरडायचं नाही, मारायचं तर अजिबातच नाही. वाचायला सोपं आहे, सुई टोचल्यासारखे दात रुतलेले असताना हात ढिला सोडून बघा. मला जमायला तीन आठवडे लागले. आणि शेपटी जोरजोरात आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली तर तेव्हाच कुरवाळणं थांबवायचं, ती आधी सांगत असते, आपण ऐकत नसतो.

पण घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तर. इथे बाबा. आम्ही सगळे हात लपवत असताना ही पोरगी सुधारत का नाही हे मला कळत नव्हतं, मग एका दुपारी घरून काम करताना बघितलं, बाबा गोधडीच्या आत हात घालून उंदीर उंदीर करतायत आणि लवंगी त्या गोधडीवर तुटून पडलीये आणि बाबा लहान मुलासारखे हसतायत. म्हटलं बाबा, तुम्ही तिला शिकवताय आणि चावे मी खातेय. तर म्हणे अगं मला नाही चावत जोरात. अर्थात, मध्ये गोधडी आहे ना! गणपतीत तर विचारूच नका, मामाची दोन मुलं आली होती, दोघंही दिवसभर बोटं नाचवत होती, पाचव्या दिवशी विसर्जन झालं तेव्हा ती पंधरा दिवस मागे गेली होती.

पेट शॉपवाल्या मुलाने शेवटी एकदा खरं सांगितलं, ताई, अजून एक पिल्लू घ्या, सगळे प्रश्न सुटतील. व्हेट पण तेच म्हणाले होते, त्याच वयाचं दुसरं पिल्लू असेल तर ती आपापसात खेळतात नि शिकतात. आईने फक्त माझ्याकडे बघितलं. त्यामुळे आमच्याकडे दुसरं पिल्लू नाही, काठी आहे.

आजची परिस्थिती: लवंगी सव्वाचार महिन्यांची, दोन किलोच्या जवळ, रेबीजची लस झाली. घोट्यांवरचे हल्ले दिवसाला एखाद दोन, तेही नखं आत घेऊन. हात जवळजवळ सुटलेत, बोट तोंडात घेतलं तरी दाबत नाही, धरते आणि सोडते. दर दोन आठवड्यांनी नखांची टोकं कापतो, तिला झोप आली असताना.

पहिली काठी गेल्या रविवारी मोडली, बाबा तिच्यावर बसले. मी ऑफिसमधून येईपर्यंत ते स्वतः स्टेशनला जाऊन दुसरी घेऊन आले होते, २२० ला, घासाघीस न करता, आणि घुंगरू आधीच कापलेलं होतं. पावती टेबलावर ठेवून ते पडद्यामागून पीस सरकवत होते. गोधडी घडी करून ठेवलेली दिसली, मी काही बोलले नाही.